इम्युनोथेरपी चालू असताना ताटात काय असावं?

इम्युनोथेरपीच्या पहिल्या डोसाची तारीख ठरली की घरात सल्ल्यांची रीघ लागते. कुणी गुळवेलीचा काढा सुचवतं, कुणी साखर पूर्ण बंद करायला सांगतं, कुणी औषधाच्या दुकानातून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणून हातात ठेवतं. औषध महागडं, आजार गंभीर. अशा वेळी आपल्याकडून काही राहून जायला नको, ही घरच्यांची तळमळ असते. ती तळमळ योग्य ठिकाणी लागावी म्हणून हा लेख. आतड्यातले जिवाणू आणि रोजचं जेवण यांचा या उपचाराशी संबंध आहे, हे गेल्या दहा वर्षांतल्या संशोधनाने बऱ्यापैकी दाखवून दिलं आहे. पण त्या संशोधनातून निघणारा सल्ला साधा आहे. आपल्या पोटात आधीपासून असलेले जिवाणू नीट पोसायचे आणि विनाकारण मारायचे नाहीत. बाहेरून विकत आणण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

आधी औषधाचं काम थोडक्यात समजून घेऊ. केमोथेरपी कर्करोगाच्या पेशींवर थेट घाव घालते. इम्युनोथेरपीची आज सर्वाधिक वापरात असलेली औषधं तसं करत नाहीत. आपल्या शरीरातल्या टी-पेशी कर्करोगाच्या पेशींना मारू शकतात, पण त्यांच्यावर पीडी-१, सीटीएलए-४ अशा नावांचे ब्रेक असतात आणि गाठ त्या ब्रेकचा फायदा घेते. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, इपिलिमुमॅब ही औषधं ते ब्रेक सोडवतात. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगापासून सुरुवात झाली. आता फुप्फुस, मूत्रपिंड, तोंड आणि घसा अशा अनेक कर्करोगांत ही औषधं दिली जातात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तर तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या औषधांना निव्होलुमॅबचा अगदी छोटा, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅमचा डोस जोडून पाहिला. एक वर्षानंतर हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीमुळे, नेहमीच्या डोसाचा खर्च ज्यांना कधीच झेपला नसता अशा रुग्णांसाठीही एक वाट तयार झाली.

मात्र हे औषध सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. एकाची गाठ विरघळते, दुसऱ्यावर काहीच परिणाम होत नाही. का, याची कारणं बरीचशी गाठीतच असतात. पण काही कारणं पोटात सापडली, आणि ती कशी सापडली हे सांगण्याजोगं आहे.

शिकागो विद्यापीठात थॉमस गायेव्स्की यांच्या संघाने दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून उंदीर घेतले होते. वंश एकच, पण गाठ एका गटात हळू वाढायची, दुसऱ्यात भराभर. दोन्ही गट एकाच पिंजऱ्यात ठेवल्यावर हा फरक पुसला गेला. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण होते. फरक उंदरांत नव्हता, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंत होता. त्याच वर्षी, २०१५ साली, पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या लॉरन्स झिटव्होगेल यांच्या संघाने दाखवलं की अँटिबायोटिक देऊन आतडी रिकामी केलेल्या उंदरांत सीटीएलए-४ वरचं औषध नीट चालत नाही. २०१८ मध्ये रुग्णांवरचे अभ्यास आले. टेक्सासच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये जेनिफर वॉर्गो यांच्या गटाला दिसलं की ज्या मेलानोमाच्या रुग्णांना औषध लागू पडलं, त्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती आणि चोथा खाऊन जगणाऱ्या जातींचं प्रमाणही अधिक होतं.

हा चोथा, म्हणजे आहारातलं फायबर, आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराला ही मेदाम्लं लागतात. अस्तराला लागूनच शरीराच्या प्रतिकारपेशींचा फार मोठा साठा असतो. जिवाणूंकडून येणारे संकेत या पेशींपर्यंत पोहोचतात, आणि त्या पेशी रक्तावाटे शरीरभर फिरतात. दूर फुप्फुसातल्या गाठीपर्यंतही. चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू अस्तरावरचा श्लेष्माच खायला लागतात आणि आतड्याचं संरक्षण पातळ होतं.

आता प्रत्यक्ष आहाराबद्दलचा पुरावा. वॉर्गो यांच्याच गटाने डिसेंबर २०२१ मध्ये १२८ मेलानोमा रुग्णांच्या आहाराची माहिती मांडली. दिवसाला किमान २० ग्रॅम फायबर खाणाऱ्यांमध्ये आजार आटोक्यात राहण्याचा काळ जास्त होता. फायबरमधल्या दर ५ ग्रॅम वाढीमागे आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या मेलानोमा रुग्णांच्या २०२३ च्या एका अभ्यासात भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा अशा भूमध्य समुद्राकाठच्या जेवणपद्धतीचाही असाच चांगला संबंध आढळला.

हे आकडे वाचून कुणी भाकरीला औषध समजू नये. ज्याची भूक चांगली, ज्याची तब्येत मुळात बरी, तो जास्त भाजी-भाकरी खातो; त्यामुळे त्याचा निकाल चांगला लागण्यात जेवणाचा वाटा किती आणि मूळ तब्येतीचा किती, हे अशा अभ्यासातून पूर्ण वेगळं काढता येत नाही. म्हणूनच एमडी अँडरसनने रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून जास्त फायबरच्या आहाराची चाचणी हाती घेतली. शिवाय २०२२ मध्ये युरोपातल्या अनेक रुग्णगटांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी लागू पडेल असा एकच ‘चांगला जिवाणू’ सापडला नाही. आपल्याकडच्या लोकांच्या आतड्यात प्रेव्होटेला या गटाचं प्राबल्य असतं, पाश्चात्त्यांच्या आतड्यापेक्षा ही रचना वेगळी. त्यामुळे तिकडची जिवाणूंची यादी इकडे उचलून लावता येत नाही. भाकरी, उसळ आणि भाजी यांनी मात्र नुकसान काहीच नाही, वजन आणि पोट सांभाळायला मदतच आहे. तेवढ्या भरवशावर जेवण सुधारणं मला पूर्णपणे योग्य वाटतं. औषध सोडून जेवणावर विसंबणं अजिबात योग्य वाटत नाही.

ताटाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम फायबर असतं, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाही. तूरडाळीत ९, हरभऱ्याच्या डाळीत १५, मटकीत १५, अख्ख्या मुगात १७ आणि अख्ख्या हरभऱ्यात तर २५ ग्रॅम. १०० ग्रॅम पेरूत आठ-साडेआठ. म्हणजे दोन मध्यम ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर वरण, एक पालेभाजी किंवा फळभाजी आणि एक पेरू एवढ्यात दिवसाचं फायबर २५ ते ३० ग्रॅमपर्यंत जातं. महागडी ओट्सची पाकिटं, परदेशी बिया, डब्यातली फायबरची पावडर यांची गरज पडत नाही.

अडचण अशी की आजारी माणसाला आपण नेमकं उलटं खायला घालतो. चहा-बिस्किटं, ब्रेड, मऊ भात, साबुदाण्याची खिचडी, नारळपाणी, रवाळ शिरा. सगळं प्रेमाने केलेलं आणि पचायला हलकं, पण दिवसभर एवढंच खाल्लं तर फायबर १० ग्रॅमच्या पुढे जाणं कठीण. त्यात कणीक बारीक चाळून कोंडा टाकून दिला, मुगाची सालं काढली, सफरचंद सोललं की उरलंसुरलंही गेलं. पोट ठीक असेल तर ही सवय बदलायला हवी. भाताऐवजी सालीच्या मुगाची खिचडी करा, बिस्किटाऐवजी नाचणीची लापशी किंवा भाजणीचं थालीपीठ द्या. उपवास मोडायचा नसेल तर साबुदाण्याच्या जागी राजगिरा आणि रताळं घ्या.

विविधतेला माझ्या मते ग्रॅमपेक्षाही जास्त महत्त्व आहे, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा चोथा लागतो. या बाबतीत आपलं जुनं जेवण समृद्ध आहे. खानदेशातली कळण्याची भाकरी, कोकणातलं वालाचं बिरडं, विदर्भातली जवसाची चटणी, देशावरची कारळ्याची चटणी, अंबाडी, शेपू, चाकवत, गवार, भोपळा. आठवड्याभरात कुठली कुठली धान्यं, कडधान्यं आणि भाज्या पोटात गेल्या, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहीत गेलात तर आपण त्याच तीन भाज्यांभोवती फिरतोय का ते लगेच दिसतं. मांसाहारी असाल तर मासे, अंडी चालू ठेवा. प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात आणि उपचार झेपत नाही. ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ असं समजून फळं, भात, भाकरी सगळंच बंद करणारी घरं असतात. तसं करू नका. नकळत कमी होत जाणारं वजन हा या काळातला मोठा धोका आहे.

फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं, गॅस होतो आणि रुग्ण वैतागून सगळंच सोडून देतो. दर तीन-चार दिवसांनी एखादा पदार्थ वाढवावा. कडधान्यं भिजवून, मोड आणून, नीट शिजवून द्यावीत. पाणी पुरेसं हवं, नाहीतर चोथ्याने पोट उलट घट्ट होतं. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण खूप. त्यांना चावता येत नाही, तोंड आलेलं असतं. अशांना ताजी भाकरी आमटीत कुस्करून, भोपळा-मुगाचं सूप घोटून, पिकलेली पपई किंवा केळं कुस्करून देता येतं. नाकातल्या नळीने आहार चालू असेल तर त्यात काय मिसळायचं ते रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांनाच विचारा, कारण दाटपणा चुकला तर नळी तुंबते. आतड्यात अडथळा असेल, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पोटावर पिशवी लावलेली असेल, तर वर लिहिलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आता प्रोबायोटिकच्या कॅप्सूल. जिवाणू चांगले, मग जिवाणूंची गोळी चांगलीच असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण २०२१ च्या त्याच अभ्यासात, भरपूर फायबर खाणारे आणि प्रोबायोटिकच्या गोळ्या न घेणारे रुग्ण सगळ्यांत बरे राहिले. रुग्णांतला तो फरक पक्का निष्कर्ष काढण्याइतका मोठा नव्हता. उंदरांत मात्र दुकानात मिळणारी प्रोबायोटिक दिल्यावर औषधाचा परिणाम घटला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यातला एक जिवाणू बिफिडोबॅक्टेरियम गटातलाच होता, आणि २०१५ च्या शिकागोच्या प्रयोगात याच गटाने उंदरांना मदत केली होती. आतड्यातली वस्ती बदलली की त्याच नावाचा जिवाणू वेगळा वागतो. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांत स्वतःची मूळ जिवाणूवस्ती परत यायला जास्त वेळ लागला. आपल्याकडे अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर प्रोबायोटिकची गोळी जवळजवळ ठरलेली असते, म्हणून हे लक्षात ठेवा. मूत्रपिंडाच्या कर्करोगात सीबीएम-५८८ नावाच्या एका विशिष्ट जिवाणूने छोट्या चाचणीत आशा दाखवली आहे. ती चाचणी ३० रुग्णांची होती, आणि तो जिवाणू म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली कोणतीही कॅप्सूल नव्हे. तेव्हा कर्करोगतज्ज्ञांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नका. आधीपासून घेत असाल तर त्यांना सांगा.

दही-ताकाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात दही, केफिर यांसारखे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाल्लेल्या निरोगी लोकांत जिवाणूंची विविधता वाढली. ते कर्करोगाचे रुग्ण नव्हते. तरी घरचं ताजं दही, ताक, इडली, नाचणीची आंबील हे आपलं अन्न आहे. ते खुशाल खावं. केमोही चालू असेल आणि पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर मात्र बाहेरचं दही, कच्ची कोशिंबीर, उघड्यावर कापून ठेवलेली फळं टाळावीत. मोड आलेली कडधान्यंही तेव्हा कच्ची नकोत.

या साऱ्यापेक्षा ठाम पुरावा अँटिबायोटिकबद्दल आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. २०१८ मध्ये गुस्ताव्ह रूसीच्या संघाने इम्युनोथेरपी घेतलेल्या २४९ रुग्णांची नोंद तपासली. त्यातल्या ६९ जणांना उपचाराच्या आगेमागे अँटिबायोटिक दिलं गेलं होतं. त्यांच्यात आजार लवकर बळावला आणि आयुष्य कमी राहिलं. पुढच्या वर्षी लंडनमधून १९६ रुग्णांचा अभ्यास आला. इम्युनोथेरपीच्या आधीच्या ३० दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान २ महिने, न घेतलेल्यांचं २६ महिने. ज्यांना जंतुसंसर्ग झाला ते मुळातच जास्त आजारी असणार, हा मुद्दा इथेही आहेच. पण इतक्या देशांतून, इतक्या प्रकारच्या कर्करोगांत तेच चित्र दिसत असताना सर्दी-खोकल्याला किंवा साध्या जुलाबाला दुकानातून पाच गोळ्यांची पट्टी आणून घेणं हे या काळात फार महागात पडू शकतं. घरात उरलेल्या गोळ्याही नकोत, शेजाऱ्यांना लागू पडलेल्या गोळ्याही नकोत. दातांच्या डॉक्टरांकडे किंवा गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तर आधी सांगा की माझी इम्युनोथेरपी चालू आहे, अँटिबायोटिक खरंच लागणार असेल तरच द्या आणि शक्य असेल तर माझ्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. आणि ते खरंच लागलं, ताप चढला, न्यूमोनिया झाला, तर एक डोसही चुकवू नका. जंतुसंसर्गाने जीव जाऊ शकतो. जिवाणू पुन्हा वाढतात.

रोज सकाळी रिकाम्या पोटी घेतली जाणारी पित्ताची गोळी, पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, हीदेखील आतड्यातले जिवाणू बदलते, आणि काही अभ्यासांत तिचा संबंध इम्युनोथेरपीच्या कमी परिणामाशी आढळला आहे. कित्येकांकडे ही गोळी कधीतरी सुरू झाली आणि मग बंदच झाली नाही. ती मनाने थांबवू नका, कारण स्टेरॉइड, ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक चालू असताना ती गरजेची असू शकते. पण पुढच्या भेटीत ‘ही अजून लागते का?’ एवढं जरूर विचारा.

काढ्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ असं लिहिलेली प्रत्येक गोष्ट इम्युनोथेरपीला पूरक असते असं नाही. टी-पेशींचे ब्रेक सुटलेले असताना त्या कधी कधी स्वतःच्याच यकृतावर, आतड्यावर, थायरॉइडवर हल्ला करतात. या औषधांचे मुख्य दुष्परिणाम तेच आहेत. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक अडचण उरते: रुग्णाचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलं तर ते इम्युनोथेरपीमुळे की काढ्यामुळे, हे डॉक्टरांना कळणार कसं? आणि ते न कळल्यामुळे चांगलं चाललेलं औषध थांबवावं लागलं तर नुकसान रुग्णाचंच. हळद, आलं, जिरं स्वयंपाकात राहू द्या. चूर्ण, अर्क आणि कॅप्सूल बंद ठेवा.

मधुमेही रुग्णांसाठी एक छोटी नोंद. सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याबद्दल पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०२५ मध्ये इशारा दिला आहे: जास्त सुक्रालोज घेणाऱ्या रुग्णांत इम्युनोथेरपीचा परिणाम कमी दिसला. हे काम नवं आहे, पण शुगर-फ्रीच्या गोळ्यांशिवायचा चहा हळूहळू जमवायला हरकत नाही.

दुसऱ्या माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराबद्दल बातम्या येतात. २०२१ मध्ये इस्रायलमध्ये १० आणि पिट्सबर्गमध्ये १५ मेलानोमा रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं. औषधाला आधी दाद न देणाऱ्यांपैकी इस्रायलमध्ये ३ आणि पिट्सबर्गमध्ये ६ जणांना त्यानंतर फायदा झाला. ही फार महत्त्वाची दिशा आहे, पण दात्याची कसून तपासणी करून, चाचणीच्या चौकटीतच. कुणी पैसे घेऊन ‘आतड्याची शुद्धी’ किंवा जिवाणूंची तपासणी करून खास आहार विकत असेल तर त्यापासून लांब राहा. विष्ठेच्या तपासणीवरून औषध लागू पडेल की नाही हे ठरवण्याची खात्रीची पद्धत अजून रोजच्या वापरात आलेली नाही.

शेवटी जुलाबांचा प्रश्न, आणि इथे वरचा आहाराचा सगळा सल्ला बाजूला ठेवायचा. इम्युनोथेरपीमुळे आतड्याला सूज येऊ शकते. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा त्याहून जास्त वेळा जावं लागलं, रक्त किंवा आव पडली, पोटात सतत दुखू लागलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात फोन करा. घरच्या घरी जुलाब थांबवणारी गोळी किंवा अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस वाट पाहू नका. या सुजेला अनेकदा स्टेरॉइड लागतं आणि उशीर झाला तर आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्या काळात भाकरी, उसळी, पालेभाज्या बंद ठेवून मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, मीठ-साखरेचं पाणी यांवर राहायचं, आणि पुन्हा नेहमीच्या जेवणावर कधी यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. हा त्रास शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. म्हणून उपचार संपल्यावर गावी परतताना इम्युनोथेरपीच्या औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख लिहिलेला कागद जवळ ठेवा, आणि गावातल्या डॉक्टरांना जुलाबांबद्दल सांगताना तो आधी दाखवा.